तीस वर्षांचा कॉलम फॉरमॅटात नाय

परवा रविवारी ग्रामसभा होती. कोरम होईना म्हणून अर्धा तास बाहेर चहा पीत उभे, मग कसंबसं सुरू झालं. विषय एका नव्या प्रोजेक्टचा. मी उठून विचारलं की याला रोज किती पाणी लागणार आणि तीस वर्षांनी आमच्या वाड्याला किती उरणार, तेवढं मिनिट्समध्ये लिहा. सेक्रेटरी शांतपणे म्हणाला, "बाब, तीस वर्षांचा कॉलम फॉरमॅटात नाय." सगळा हॉल हसला. खोटं कशाला बोलू, मीपण हसलो.

घरी येऊन विहिरीवर गेलो. आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात, लोहखनिजाच्या खाणपट्ट्यात. विहिरीच्या दोराला तीन तुकडे आहेत, पहिला काथ्याचा, त्याला गाठ मारून निळा नायलॉन, त्याला परत गाठ मारून हिरवा. दरवेळी फेब्रुवारी-मार्चात कळशी पाण्याला टेकेनाशी झाली की बाबा बाजारातून तुकडा आणून जोडायचे आणि कोणाला काही बोलायचे नाहीत. बोलणार काय, आमचाच ट्रक खनिजाच्या लायनीत होता. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की दिवसरात्र पंप लावून पाणी उपसतात, आजूबाजूच्या विहिरी खाली जातात, हे आम्हाला कोणी शिकवायला नको होतं. घराचा वरचा माळा त्याच ट्रकच्या पैशाने झालाय. म्हणून मी काय धुतल्या तांदळासारखा नाय, आधीच सांगून ठेवतो.

आता मुद्दा. वेल्समध्ये २०१५ साली एक कायदा झाला, भावी पिढ्यांच्या कल्याणाचा. सरकारी खाती, कौन्सिलं, आरोग्य मंडळं, सगळ्यांनी निर्णय घेताना पुढच्या पिढ्यांचं काय होणार याचा विचार करायचा, आणि त्यावर लक्ष ठेवायला एक वेगळा कमिशनर. वेल्स म्हणजे आमच्यासारखाच खाणींचा मुलूख, फक्त तिथे कोळसा. १९६६ मध्ये अ‍ॅबरफॅन गावात कोळशाच्या कचऱ्याचा डंप घसरून शाळेवर आला, १४४ माणसं गेली, त्यात ११६ पोरं. डंप म्हणजे काय ते आम्हाला समजावून सांगावं लागत नाही.

तिथे न्यूपोर्ट शहराजवळून नवा मोटरवे काढायचा होता. तो ग्वेंट लेव्हल्समधून जाणार होता, म्हणजे रोमनांच्या काळापासून समुद्राकडून मिळवलेली, बांध घालून आणि पाट काढून राखलेली सखल जमीन. आपलं खाजनच म्हणा ना! चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने रस्ता करा म्हणून शिफारस केली होती, कमिशनर सोफी हाऊ यांनी विरोध केला होता, आणि जून २०१९ मध्ये तिथले मुख्यमंत्री मार्क ड्रेकफर्ड यांनी रस्ता रद्द केला. खर्च परवडत नाही हेही कारण होतंच, उगाच सगळं श्रेय कायद्याला देऊ नका. कमिशनर काही थांबवू शकत नाही, फक्त शिफारस करतो. पण ती मानायची नसेल तर खात्याला तसं सबळ कारण लागतं आणि उत्तर सगळ्यांसमोर ठेवावं लागतं. मला एवढंच पाहिजे. लेखी कारण.

दात नसलेला कायदा टिकत नाही असं कोणी म्हणेल, पण दात असलेलाही टिकतोच असं नाही. इस्राएलने २००१ मध्ये संसदेतच भावी पिढ्यांसाठी कमिशन बसवलं, त्याला माहिती मागवायचे अधिकार दिले, आणि पहिली टर्म संपल्यावर २००६ मध्ये गुंडाळून टाकलं. प्रश्न विचारणारा माणूस कोणाला आवडतो?

आमच्याकडे असं काहीच नाही असंही नाही हां. खाणी २०१२ मध्ये बंद झाल्या, मग २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विकलेल्या खनिजाच्या किमतीतले १० टक्के पर्मनंट फंडात, म्हणजे कायम राखून ठेवायच्या निधीत, टाका म्हणून सांगितलं, आत्ताच्या आणि पुढच्या पिढ्यांमधल्या न्यायासाठी. म्हणजे जन्माला न आलेल्या गोंयकाराचा वाटा ठरला तो कोर्टात, विधानसभेत नाय. आमदारांनी काय केलं, तर २०२३ मध्ये जमीनवापर ठरवणाऱ्या प्लॅनिंगच्या कायद्यात १७(२) हे कलम घातलं, प्लॅनमधल्या 'चुका' दुरुस्त करायच्या म्हणून, आणि एकेका प्लॉटचा झोन बदलायला लागले.

जुन्या गावकरीत, म्हणजे गोव्यातल्या गावाच्या सामायिक कारभारात, जमीन गावाची होती, गावकाराला, म्हणजे त्यातल्या वाटेकऱ्याला, ती विकता येत नव्हती, लिलावाने कसायला द्यायची, त्या पैशातून बांध आणि देऊळ बघायचं आणि उरलेलं गावकारांना झोण, म्हणजे वाटा, म्हणून द्यायचं. बायकांना त्यात हक्क नव्हता, त्यामुळे फार गोडवे गाऊ नयेत, पण विकता येत नाही या एका नियमाने किती शतकं जमीन राखली बघा.

"पोटाचं काय?" हा प्रश्न मला विचारूच नका, २०१२ नंतर ट्रक दारात उभा आणि बँकेचा हप्ता चालू, ते दिवस मी काढलेत. पण तेव्हाही कोणी लेखी सांगितलं नव्हतं की खनिज संपलं किंवा बंद झालं तर या ट्रकांचं काय करायचं. तो पण कॉलम नव्हता.

पुढच्या ग्रामसभेला मी अर्ज टाईप करून नेणार आहे, दोन प्रती, एकीवर इन्वर्डचा शिक्का घेऊन यायचं. आमच्या वाड्यावरचे कोण येणार ते खाली सांगा, कोरमला पण माणसं लागतातच.