सात फूट चार इंचांचा विद्यार्थी

दहावीचा निकाल लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक भांडण ठरलेलं. शेजारच्या कुठल्या तरी पोराला क्रीडा सवलतीचे गुण मिळालेले असतात, त्या गुणांवर तो प्रवेशाच्या यादीत आपल्या पोरीच्या वर सरकतो, आणि 'हा कधी मैदानावर दिसला नाही, प्रमाणपत्र कुठून आणलं?' इथून निघालेली गाडी सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणावर जाऊन थांबते. माझा आतेभाऊ कराडजवळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. बोगस प्रमाणपत्रांच्या बातम्यांनी सगळ्यात जास्त तोच चिडतो, कारण त्यात त्याची खरी खेळणारी मुलं भरडली जातात. या वेळी वैतागून त्यानं अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या मॅकी अरीनाचा व्हिडिओ टाकला. विद्यार्थ्यांची बास्केटबॉलची मॅच, आणि चौदा हजार माणसं एका सुरात ओरडतायत. खाली लिहिलं, "अमेरिकेत कॉलेज खेळाडू घडवतं. आपण चार गुण दिले तर लोकांच्या पोटात दुखतं." आणि मला टॅग केलं. मी त्याच विद्यापीठात शिकलो, अजून त्याच गावात राहतो.

दादा, ग्रुपवर मावलं नसतं म्हणून सविस्तर लिहितो.

तुझ्या व्हिडिओतला तो ताडमाड पोरगा झॅक एडी. सात फूट चार इंच. टोरांटोचा. पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत बेसबॉल आणि आइस हॉकी खेळायचा, बास्केटबॉलकडे उशिरा वळला. त्याच्या २०२३-२४च्या सीझनची गोष्ट आदल्या मार्चपासून सांगावी लागते. मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा ६८ संघांची, बाद पद्धतीची. प्रत्येक विभागात १ ते १६ असं मानांकन. पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्याकडून हरणं म्हणजे महाराष्ट्र केसरीनं गावच्या जत्रेत नवख्या पोराकडून चीत होणं. पुरुषांच्या स्पर्धेत तोवर हे एकदाच, २०१८ साली व्हर्जिनियाच्या बाबतीत घडलं होतं. १७ मार्च २०२३ला दुसऱ्यांदा घडलं, आणि ते आमच्या नशिबी आलं. न्यू जर्सीतल्या फेअरली डिकिन्सन या छोट्या विद्यापीठानं पर्ड्यूला ६३-५८ असं हरवलं. पहिल्या श्रेणीतल्या साडेतीनशेवर संघांत सरासरी उंचीनं सगळ्यात बुटका असलेला संघ, आणि समोर सव्वासात फुटांचा एडी! ऑफिसात आठवडाभर माझ्याकडे लोक सुतकात भेटायला आल्यासारखे बघत होते.

एडी व्यावसायिक लीगमध्ये जाऊ शकला असता. तो परत आला. पर्ड्यूनं नोव्हेंबरात होनोलुलूला गोन्झागा, टेनेसी आणि मार्केट या विद्यापीठांच्या संघांना ओळीनं हरवलं, डिसेंबरात एडीच्या टोरांटोत जाऊन अलाबामाला हरवलं आणि बिग टेन या आमच्या लीगचं विजेतेपद घेतलं. पण गावात जो तो एकच म्हणायचा, मार्चमध्ये बघू. मार्च आला तेव्हा ग्रॅम्बलिंग, यूटा स्टेट, गोन्झागा पडत गेले आणि ३१ तारखेला डेट्रॉइटमध्ये टेनेसीविरुद्ध एडीनं एकट्यानं ४० गुण केले. १९८० नंतर पहिल्यांदा पर्ड्यू शेवटच्या चारांत. शेजारचे सत्तरीचे आजोबा रात्री दारात येऊन नुसतेच उभे राहिले. काय बोलावं ते त्यांनाही कळेना, मलाही.

आता दादा, तू जिथे चुकतोस तिथे येतो.

एडी कॅनडाचा, म्हणजे इथं तो एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर होता. तोच व्हिसा ज्यावर मी आलो आणि तुझ्या माहितीतली निम्मी पोरं येतात. त्या व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम करता येतं, बाहेर परवानगीशिवाय नाही. मी वीस तास होस्टेलच्या मेसमध्ये ताटं विसळायचो. इंडियानाचं किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर, ते आजही तेवढंच आहे. जुलै २०२१पासून अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंना आपलं नाव आणि छबी वापरू देऊन जाहिरातींचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. एडीच्या संघातली अमेरिकन पोरं ते घेऊ लागली. आणि सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा पोरगा, राल्फ सॅम्पसननंतर चाळीस वर्षांत असं कुणाला जमलं नव्हतं, त्याला मात्र अमेरिकेच्या भूमीवर उभं राहून जाहिरात करायची म्हटलं तर व्हिसा धोक्यात. त्याच्या जिवावर मॅकी अरीना भरत होती, जर्सी विकल्या जात होत्या, आणि कायद्याच्या नजरेत तो माझ्यासारखाच एक परदेशी विद्यार्थी. ताटं विसळायची मुभा मला होती तेवढी त्यालाही होती!

'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द ऐकायला साजूक तुपातला वाटतो. तो वापरात आणला १९५०च्या दशकात, कॉलेज क्रीडा संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांच्या काळात. खेळताना जायबंदी झालेल्यांना आणि मेलेल्यांच्या बायकांना कामगार म्हणून भरपाई द्यावी लागू नये, हा त्यामागचा हिशेब. हे पुढे खुद्द बायर्सनीच लिहून ठेवलं. मार्चमधल्या त्या स्पर्धेचे टीव्ही हक्क २०१० साली १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरना विकले गेले. खेळणाऱ्याला काय? फी माफ, राहणं-जेवण. तेही जेवण मोजून होतं. २०१४ साली विजेत्या कनेटिकट संघाच्या शबाझ नेपियरनं, काही रात्री मी उपाशी झोपतो, असं पत्रकारांपुढे सांगितलं, त्याच महिन्यात जेवणावरची मर्यादा उठली.

मला त्या सीझनमधली सगळ्यात मोठी घटना विचारशील तर ती कोर्टवरची नाहीच. ५ मार्च २०२४ला डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल संघानं कामगार संघटना करायची का, यावर मतदान केलं. बाजूनं १३, विरोधात २. त्यांच्याच कॉलेजच्या भोजनगृहात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आधी संघटना करून मजुरी वाढवून घेतली होती, ते यांनी पाहिलं होतं. हा संघ आपल्या आठ कॉलेजांच्या लीगमध्ये तळाला होता. म्हणजे स्टार मंडळींचं बंड नव्हे, हरणाऱ्यांनी विचारलेला साधा प्रश्न: सराव, प्रवास, मॅच यात आमचा एवढा वेळ जातो, तो कामाचा की नाही? कॉलेजनं मान्य केलं नाही. वर्षअखेरीला खेळाडूंनी अर्ज मागे घेतला, पण प्रश्न राहिला तो राहिलाच. पुढे जून २०२५मध्ये न्यायालयानं एक मोठी तडजोड मंजूर केली, आणि आता कॉलेजं वर्षाला दोन कोटी डॉलरच्या आसपास थेट खेळाडूंत वाटू शकतात. एफ-१वाल्यांचं कोडं त्यातही नीट सुटलेलं नाही.

म्हणून 'अमेरिकेत बघा' म्हणू नकोस. तुमच्याकडे खेळाची मजुरी गुणांत देतात आणि टीसीच्या, फौजदाराच्या नोकरीत देतात. इकडे ती फीमाफीत दिली. ज्याचं मोल करायचं त्याचं सोडून दुसऱ्याच नाण्यात पैसे मोजायचे ही खोड दोन्हीकडची. आणि नाणं दुसरं असलं की ते खोटं पाडणं सोपं जातं. तुमच्याकडे बोगस प्रमाणपत्रं निघाली, इकडे नॉर्थ कॅरोलायनाच्या नामांकित विद्यापीठात वर्षानुवर्षं नुसते कागदावरचे वर्ग चालले, त्यात खेळाडूही होते आणि बाकीचेही.

खाशाबा जाधवांना १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. कॉलेजनं खेळाडू घडवल्याचं याहून चांगलं उदाहरण मला इथं सापडलेलं नाही. पण कांस्यपदक घेऊन आलेल्या माणसाला आपण शेवटी दिलं काय, तर पोलिसातली नोकरी. बहात्तर वर्षांनी पॅरिसला कोल्हापूरच्याच स्वप्निल कुसळेनं नेमबाजीत कांस्य घेतलं तेव्हा तो मध्य रेल्वेत टीसी होता. या नोकऱ्यांना मी नावं ठेवत नाही. त्या नसत्या तर ही माणसं खेळलीच नसती. पण गुणांवरून एकमेकांची उणीदुणी काढताना जिल्ह्याच्या मैदानाला कुंपण आहे का, मुलींना कपडे बदलायला खोली आहे का, हे आपल्या ग्रुपवर गेल्या पाच वर्षांत तुझ्याशिवाय कुणी विचारलेलं मी वाचलं नाही.

हेवा वाटावा अशी एकच गोष्ट इथं आहे, आणि ती कॉलेजच्या आधीची. इंडियानात न्यू कॅसल नावाचं सतरा-अठरा हजार वस्तीचं गाव आहे. त्यांच्या शाळेच्या जिममध्ये आठ हजारांवर माणसं बसतात. शुक्रवारी रात्री ज्यांची पोरं संघात नाहीत तेही येतात. आपल्याकडे हे नव्हतं असं नाही, खासबाग मैदान आहेच की. पण परवा तूच म्हणालास, तुझ्या मुलींच्या खो-खोच्या फायनलला पंच आणि दोन रिक्षावाले धरून सतरा माणसं होती.

तर आता पर्ड्यूची फायनल. ८ एप्रिल २०२४. दुपारी इंडियानापोलिसवर खग्रास सूर्यग्रहण, आम्ही तासभर गाडी हाकून बघायला गेलो. आईनं फोनवर बजावलं होतं, ग्रहणात काही खाऊ नका. (भारतात ते दिसणारही नव्हतं, पण तिला त्याचं काय.) रात्री ॲरिझोनातल्या ग्लेनडेलला पर्ड्यू विरुद्ध कनेटिकट. कनेटिकटनं डाव साधा टाकला: एडीला करू द्या काय करायचं ते, बाकीच्यांना लांबून फेकू देऊ नका. एडीचे ३७, पर्ड्यूचे सगळे मिळून ६०. तीन गुणांची बास्केट संपूर्ण मॅचमध्ये एक. ७५-६०नं हरलो.

मॅच संपली तेव्हा तिकडे सकाळचे नऊ वाजून गेले होते, पाडव्याचा दिवस. आईचा व्हिडिओ कॉल आला.

"जिंकलात का रे?"

"नाही."

"मग त्या उंच पोराला काय मिळालं?"

"फी माफ होती त्याची."

"आणि नोकरी?"

मी सांगणार होतो की त्याला आता व्यावसायिक लीग घेईल, आणि जूनमध्ये मेम्फिसच्या संघानं घेतलाही. पण ती तोवर फोन बाबांच्या हातात देऊन गुढीला गाठी बांधायला गेली होती.