‘अडाणीपणा’ या शब्दाबद्दल

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. रागात उत्तर जाऊ नये म्हणून सकाळपर्यंत थांबलो.

वडिलांच्या जुन्या युफोनियमला, म्हणजे बँडमधल्या मोठ्या पितळी फुंकवाद्याला, माउथपीस (तोंडाला लावून फुंकायचा भाग) कसा मिळवला, त्या लेखावर तुमचे आक्षेप असे: माउथपीसच्या, वाद्याच्या नळीत बसणाऱ्या दांडीला कागद गुंडाळणं हा ‘वरातीच्या बँडवाल्यांचा अडाणीपणा’ आहे, वाद्य जुन्या उंच पिचचं असेल तर कुठलाही माउथपीस लावा, ते आजच्या सुरात येणार नाही, आणि आधी व्हॉल्व्हची गळती बघायला हवी होती. शिवाय साल चुकल्याचं दाखवलंत. ती चूक मान्य. बूझी आणि हॉक्स या वाद्यं बनवणाऱ्या इंग्लंडच्या दोन कंपन्या १९३० साली एक झाल्या, मी १९२५ लिहिलं होतं. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता तो शब्द. माझे वडील परभणीत एकतीस वर्षं बँडमध्ये वाजवत होते. लग्नसराईत, मे महिन्याच्या उन्हात, गळ्यापर्यंत बटणं लावलेला लाल कोट घालून. उरुसातही वाजवायचे. नोटेशन त्यांना येत नव्हतं, पण माउथपीस नळीत पाव सूतभर जास्त गेला तरी पहिल्या फुंकरीला त्यांना कळायचं. त्यांना अडाणी म्हणण्याआधी तुम्ही स्वतः किती वराती वाजवल्यात, ते तरी लिहायचं होतं.

आणि कागद का, हे लेखात स्पष्ट लिहिलंय. युफोनियमच्या दांड्या तीन मापांत येतात: बारीक, मधली, जाड. आपल्याकडे असलेल्या इंग्लंडच्या जुन्या वाद्यांना मधली लागते. १९७० च्या दशकात बूझी अँड हॉक्सनं जाड माप धरलं. बाजारात बारीक आणि जाड सहज मिळते, मधली शोधत बसावं लागतं. मेरठच्या जली कोठीहून, म्हणजे तिथल्या बँडच्या वाद्यांच्या बाजारातून, आणवलेला माउथपीस बारीक निघाला. नळीत खोल जायचा आणि डगडगायचा. दुसरा जाड, तो तोंडाशीच अडायचा. दांडीचं टोक आत कुठे थांबतं, यावर वरचे सूर ठरतात. म्हणून बारीक दांडीला वहीच्या कागदाचा एकेक वेढा देत गेलो. तीन वेढ्यांना वरचा सूर थरथरत होता, चौथ्याला स्थिर झाला, पाचव्याला परत बिघडला. चार वेढ्यांसकट तो माउथपीस एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे नेला. त्यानं कागदावरूनच व्हर्निअर लावून दोन जागी माप घेतलं, उतार तसाच ठेवला आणि जाड दांडी त्या मापावर उतरवून दिली. आज त्यात कागदाचा कपटाही नाही. हे सगळं लेखाच्या शेवटच्या दोन परिच्छेदांत आहे. तिथपर्यंत वाचलं असतं तर हा शब्द तुम्हाला सुचला नसता, असं मला वाटतं. की वाचूनही लिहिलात?

पिचचं म्हणाल तर, असेल तसं. मी ऑर्केस्ट्रात बसत नाही, घरी वाजवतो. व्हॉल्व्हचंही बघू कधीतरी, तो या लेखाचा विषय नव्हता.

एक गोष्ट लेखात लिहिली नव्हती. हे युफोनियम पंधरा वर्षं माळ्यावर होतं. खाली काढून माउथपीस बसतो ती नळी पुसायला कापड घातलं, तर आतून एसटीच्या तिकिटांची गुंडाळी निघाली. पिवळी पडलेली, कडेला पंचाची भोकं, एका बाजूला हिरवट जंग. उलगडून मोजली. चार वेढे होते.

ती तिकिटं मी वडिलांच्या फोटोमागे ठेवलीयत. त्याला अडाणीपणा म्हणायचं असेल तर परभणीला या, वाद्य हातात घ्या, आणि मग म्हणा.