एक पातेलं आणि त्यापायी

दिवाळीच्या तोंडावर घर हलकं करायचं ठरतं. न वापरलेले कपडे काढायचे, कपाट मोकळं करायचं, सुटसुटीत जगायचं. मग जिन्यातून हाळी येते, "भांडीऽऽ"!

बोहारीण दारात पाटी उतरवते. झाकणीपासून बादलीपर्यंत सगळं असं चकाकत असतं की अपरिग्रह वगैरे जागच्या जागी विरघळतो. घरात चार पातेली आहेत, त्यातली तीन नुसतीच एकमेकांत बसलेली. तरी माझा हात पाचव्याकडेच जातो. चांगलं स्टील म्हणजे 304 नंबरचं, 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल, एवढं मला ठाऊक आहे. ते टिचकी मारून कळत नाही हेही ठाऊक आहे. तरी मारतेच. गिऱ्हाईक जाणकार वाटायला हवं.

"केवढ्याला?"

"आधी कपडे दावा, ताई."

मग तपासणी. पँट उजेडात धरायची, चेन वरखाली करायची, बुडाशी कापड विरलंय का ते अंगठ्याने चाचपायचं. साडी तर पदरापासून निऱ्यांपर्यंत उलगडून बघते. लग्नाआधी मलाही कुणी इतकं निरखलं नव्हतं. बरोबरच आहे म्हणा, हेच कपडे पुढे तिला जुन्या बाजारात विकायचे असतात. शेवटी निकाल: "एवढ्यात गाळणं येईल."

गाळणं! तीन पँटी आणि एका साडीला!

हा हव्यास आनुवंशिक असावा. स्टीलची नवलाई होती तेव्हा आजीने पितळेची भांडी मोडीत घालून स्टीलची घेतली. आता मी तांबट आळीत जाऊन तसलीच पितळी पातेली दामदुप्पट मोजून आणते आणि शोकेसमध्ये ठेवते. आमटी स्टीलच्याच पातेल्यात.

असो. गाळण्यावर तडजोड शक्यच नव्हती. आत जाऊन आणखी दोन शर्ट आणले.

"अगं, तो मी घालतो," नवरा दारात येऊन म्हणाला.

"कधी?"

त्याला आठवेना. शर्ट गेला. मग एक चादर, मग भाच्याच्या मुंजीतला आहेराचा ड्रेसपीस, घडी न मोडलेला. पातेलं माझ्याकडे सरकलं.

"आणि झाकण?"

"ते येगळं, ताई." तिने दाराकडे नजर टाकली. "सायबांच्या अंगातला बरा हाय."


नवरा आत पळाला. मी त्याच्या मागोमाग गेले.