तो हसत होता की!

गेल्या महिन्यात आमच्या चिरंजीवांच्या शाळेत फुटबॉलच्या (इथला अमेरिकेतला, हेल्मेटवाला) टीममधल्या मोठ्या मुलांनी नववीतल्या पोरांची डोकी भादरली. नीट चकोट केलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मधोमध टक्कल आणि कडेनं झालर. मग एकेकाला बाकावर उभं करून गाणं म्हणायला लावलं आणि व्हिडिओ काढला. त्यात आमचं ध्यान हसताना दिसतं. कोचला फोन केला. तो म्हणाला, "मॅम, तो तर हसत होता."

रविवारी मॅचला आमच्याकडे चार घरं जमतात. व्हिडिओ हातोहात फिरला. मियामी डॉल्फिन्स या व्यावसायिक फुटबॉल टीमची जर्सी घातलेले एक भावजी, एका हातात बटाटेवडा, दुसऱ्या हातात माझा फोन, म्हणाले, "अहो वहिनी, हसतोय की तो! आमच्या होस्टेलवर तर..." पुढचं मी ऐकलं नाही. पंधरा वर्षं ऐकतेच आहे. वडा संपवून त्यांनी सल्लाही दिला, "त्याला सांगा, मियामीच्या त्या मार्टिनसारखा रडका होऊ नकोस." (हा मार्टिन म्हणजे 2013 साली सोबत्यांच्या छळापायी डॉल्फिन्स सोडून गेलेला खेळाडू.) आणि ग्रुपवर टाकायला व्हिडिओ स्वतःकडे फॉरवर्ड करून घेतला.

तेव्हा भावजी आणि समविचारी मंडळींसाठी, लॉकर रूम (खेळाडूंची कपडे बदलायची खोली) कशी चालवावी याची ही टिपणं. सगळी थोरामोठ्यांनी घालून दिलेल्या धड्यांवरून काढली आहेत, पदरचं काही नाही.

सर्वप्रथम नाव बदला. छळ म्हणू नये. परंपरा म्हणावं, बॉन्डिंग म्हणावं, अगदीच अडलं तर 'कल्चर'.

भादरायची कला वरून खाली झिरपते. 2010 साली डेन्व्हरच्या ब्रॉन्कोज टीमनं टिम टेबो या नव्या खेळाडूचं डोकं असंच मधोमध भादरून त्याचा ख्रिस्ती साधू केला होता आणि फोटो बघून अख्खा देश हसला. आमच्या शाळेतल्या नाभिकांनी हेअरस्टाइल कुठून उचलली हे आता कळलं.

नव्या पोराला पहिल्याच पगारात हलकं करा. त्याच वर्षी डॅलसच्या टीममधल्या नवख्या डेझ ब्रायंटनं एका सीनियरचे शोल्डर पॅड उचलून न्यायला नकार दिला. पुढे टीम जेवायला गेली आणि बिल याच्या गळ्यात पडलं: 54,896 डॉलर. आमच्या लग्नात कानपिळीला माझ्या भावाला एक अंगठी मिळाली होती, ती तो अजून सगळ्यांना दाखवतो.

सुटी नाणी आणि एक जाडसर मोजा जवळ ठेवावा. (1998, न्यू ऑर्लिन्स सेंट्स या टीमचा कॅम्प, उशीचे अभ्रे डोक्यावर घालून रांगेतून पळवलेले रुकी म्हणजे नवखे खेळाडू, नाण्यांनी भरलेला मोजा, कॅम क्लीलँड नावाच्या पोराचा डोळा. पुढचं तुम्हीच समजून घ्या.)

हिशेब चोख ठेवावेत. मियामीच्या ऑफेन्सिव्ह लाइननं (टीममधली धिप्पाड, वाट अडवणारी फळी; मार्टिन त्यातलाच) दंडाची वही ठेवली होती. जोनाथन मार्टिन टीम सोडून गेल्यावर त्याच फळीतल्या रिची इन्कॉग्निटोनं त्या वहीत स्वतःच्या नावावर 200 डॉलर दंड मांडला. कारण लिहिलं, जेमार्टला (म्हणजे मार्टिनला) मोडलं म्हणून. दुसऱ्या एकाला बक्षीसही मांडलं, तो आधी मोडला नाही याबद्दल. मग आपण निलंबित होणार असं दिसताच सोबत्याला मेसेज केला, ती वही सकाळी सकाळी नष्ट कर. नुसती थट्टाच होती तर वही का हो नष्ट करायची?

असो. नेतृत्व योग्य हाती सोपवा. हाच गृहस्थ टीमच्या लीडरशिप कौन्सिलवर होता.

मारा करताना परका माणूस आधी निवडावा, तो उलटून बोलत नाही. मियामीचा असिस्टंट ट्रेनर जपानमध्ये जन्मलेला. पर्ल हार्बरच्या दिवशी, 7 डिसेंबरला, तिघा खेळाडूंनी उगवत्या सूर्याच्या पट्ट्या डोक्याला बांधून 'बॉम्ब टाकल्याचा बदला घेतो' म्हणून त्याला धमकावलं. थट्टेनंच. त्या पट्ट्याही त्यानंच त्यांना दिलेल्या होत्या. भावजी, तुमचा ऑफिसातला बॉस तुमच्या उच्चाराची नक्कल करतो तेव्हा तुम्हीही हसता ना? घरी येऊन दोन तास कुणाशी बोलत नाही, ते वहिनींनी मला सांगितलंय.

आता मुख्य टिप. समोरच्याला हसायला लावा. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे चुकवू नका. एकदा तो हसला की तुम्ही सुटलात. हसला म्हणजे त्याला आवडलं. हसला नाही तर तो रडका, मग आणखी करा. दोन्हीकडून तुमचंच. मार्टिननं काय वेगळं केलं? सहा फूट पाच इंच उंच, 300 पौंडांच्या वर वजन, स्टॅनफर्डचा पोरगा, त्यांच्याशी दोस्ती करायला गेला. त्यांच्यासारखं बोलायला लागला, मेसेज करायला लागला. त्याच्या बहिणीबद्दल जे जे बोललं जाई ते मी इथे लिहू शकत नाही; तिला यांनी कधी पाहिलंही नव्हतं. त्याच्या फोनवर, आईला मुस्काटात मारीन, तुला मारून टाकीन, मध्ये वर्णावरून शिवी, असा व्हॉइसमेल इन्कॉग्निटोनं ठेवला होता. आणि प्रकरण बाहेर आल्यावर टीमचा क्वार्टरबॅक (मुख्य चेंडूफेक्या) टॅनेहिल काय म्हणाला? आठवड्यापूर्वी मार्टिनला विचारलं असतं जवळचा मित्र कोण, तर त्यानं रिचीचंच नाव घेतलं असतं, मोठ्या भावासारखा होता! घ्या. दोस्ती केली तोच पुरावा. चौकशीसाठी लीगनं नेमलेल्या वकिलाचा, टेड वेल्सचा, 144 पानांचा अहवाल 14 फेब्रुवारी 2014 ला आला, त्यात हे सगळं आहे. ती दोस्ती म्हणजे जगायची धडपड होती आणि दोस्ती असली म्हणून छळ छळच राहतो, हेही आहे. भावजींनी त्यातलं एक पान वाचलं असेल तर मी पुढच्या रविवारी शंभर वडे तळते.

आणि शेवटी मार्टिन टीम सोडून कशानं गेला? मारानं नाही. 28 ऑक्टोबर 2013, टीमचं जेवणघर. तो ताट घेऊन टेबलाशी येऊन बसला आणि सगळे उठून गेले. बस, एवढंच. भरल्या पंगतीतून उठणं म्हणजे काय हे मराठी माणसाला मी समजावून सांगायचं? त्यानं ट्रे आपटला, बाहेर पडला आणि हॉस्पिटलात भरती झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यानं आईला मेसेज केला होता, की शाळेत माझ्या निम्म्या अंगाची पोरं मला रोज बोलायची आणि मी कधी उलटून मारलं नाही. तो मेसेज मी वाचलाय. रात्री दोन वाजता, पोराच्या खोलीबाहेर जमिनीवर बसून.

प्रशिक्षकांसाठी एक टिप उरली होती. ती राहू दे. त्या लाइनचा कोच पोरांमधल्या एकाला नाताळची भेट म्हणून पुरुषाची फुगवायची बाहुली देत होता. पुढे त्याला काढलं. हेड ट्रेनरलाही काढलं. इन्कॉग्निटो 2015 ला बफेलोच्या टीमकडून प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या मानाच्या सामन्यासाठी निवडला गेला आणि मार्टिननं त्याच वर्षी खेळ सोडला. यावर आता काय उपरोध करायचा?

भावजी, सरळच बोलते. तुम्ही होस्टेलची गोष्ट हसत हसत सांगता. कोरड्या फरशीवर पोहायला लावलं होतं म्हणून. तीस वर्षं झाली आणि तुम्हाला त्या चार सीनियरांची नावं आडनावांसकट पाठ आहेत, खोलीचा नंबरही. विसरलेली गोष्ट अशी सांगतात होय? आपल्या महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध 1999 पासून कायदा आहे. तो तुमच्यासारख्यांना आठवूनच केला असणार, आणि तुम्ही इथे माझ्या सोफ्यावर बसून माझ्या पोराला रडका म्हणता! लाज वाटायला हवी होती. मलाही वाटायला हवी होती, कारण त्या वेळी मी तोंड उघडलं नाही. चहा टाकायला उठले.

आणि ते हसू. तुम्ही अठरा सेकंद बघितलंत, मी ते तेरा वर्षं बघतेय. लहानपणी इंजेक्शन द्यायला नर्स आली की तो असाच हसायचा, दात दाखवून, डोळे भिंतीकडे लावून. डॉक्टर म्हणायचे, किती शूर आहे हो. घरी आल्यावर तो माझा पदर तासभर सोडत नसे. आता पदर धरत नाही. तीन आठवडे झाले, जेवतानाही टोपी काढत नाही.

तो व्हिडिओ आधी ग्रुपवरून काढा. आत्ता. वडे नंतर.