चौदा

आज सकाळी भाजीवाल्यापाशी दुधी नखाने टोचून बघत होतो, तेवढ्यात मागून हाक आली, "काय चौदा, कशी आहे कंबर?"

भाजीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "चौदा काय द्यायचे साहेब?"

"काही नाही, कोथिंबीर दे," म्हणालो आणि टोचलेला दुधी गुपचूप खाली ठेवला. एका आवाजी हाकेपायी माझ्या हातून हा गुन्हाही घडला. हाक मारणारे काका तोवर रस्ता ओलांडून निघूनही गेले होते. बहात्तर वर्षांचा माणूस, कंबरदुखीचा पेशंट, आणि चालतो कसा तर बस सुटल्यासारखा.

चौदा म्हणजे मिलिअँपिअर, कमरेला लावतात त्या करंटचं माप. कमरेची कहाणी लांबवत नाही. गणपतीत माळ्यावरून मखराचं खोकं काढताना उसण भरली. चार दिवसांची पाहुणी म्हणून सोसली, तिला आता सात महिने झाले. तीन महिन्यांवर गेलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात, त्या हिशेबाने आमची दोनदा जुनाट होऊन वर आहे. एमआरआय झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरून "फिजिओ करा" म्हटलं. मी दहा सिटिंगचे साडेचार हजार आगाऊ भरले. पावती सगळी इंग्रजीत होती, फक्त 'भरलेले पैसे परत मिळणार नाहीत' एवढंच शुद्ध मराठीत.

क्लिनिक म्हणजे कोथरूडमधल्या एका इमारतीच्या पार्किंगलगतचा गाळा. चार कॉट, मधे हिरवे पडदे. पडद्यांमुळे दिसायचं थांबतं, ऐकू मात्र सगळं येतं. पहिल्या दिवशी मी पालथा, पँट गरजेपेक्षा जरा जास्तच खाली, तोंड कॉटच्या भोकात, आणि कमरेवर ओल्या स्पंजांत घातलेले चार पॅड. मशीनचं नाव आयएफटी. थेरपिस्ट मुलगी म्हणाली, "सर, मुंग्या आल्या की सांगा." ती बटण दाबत होती आणि मशीन आकड्यागणिक 'टुक' करत होतं. चौदाव्या टुकला मी "बास" म्हणालो.

"चौदाच?" पडदा बोलला.

मी भोकातून फरशीकडे पाहत राहिलो. समोर कोणाची तरी एक चप्पल होती.

"नवीन दिसताय. पहिल्या दिवशी होतं असं. मी सव्वीसवर घेतो."

"अच्छा."

"बत्तीस वर्षं वीज मंडळात काढली. अकरा हजारच्या लाइनखाली बसून डबे खाल्लेत. हा करंट म्हणजे आपल्याला कोमट पाणी." जरा थांबून त्यांनी दुखऱ्या मणक्यांचे नंबर विचारले, "एल-फोर एल-फाइव्ह?"

"हो."

पलीकडे शांतता. "आमचंही तेच," काका नाराजीने म्हणाले. "कळ कुठल्या पायात जाते? डाव्या?"

"उजव्या."

"मग चालेल."

स्थळ सगोत्र निघता निघता वाचल्यावर मुलीचा बाप जसा सुस्कारा सोडतो, तसं ते 'मग चालेल' होतं. तेवढ्यात तिसऱ्या पडद्यातून एका बाईंनी "माझं एल-फाइव्ह एस-वन हं" असं, कोणी न विचारता, कळवलं. कुठल्या घाटाच्या वरचे आहोत हे सांगावं तसं.

(या गोत्राचा फार अभिमान बाळगू नये असं नंतर कळलं. २०१५ साली एक मोठा आढावा आला होता. पन्नाशीतल्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे फोटो काढले तरी शंभरातल्या साठांच्या मणक्यांमधली गादी फुगलेली निघते. म्हणजे माझ्या रिपोर्टवर जे लाल पेनाने अधोरेखित केलंय, ते भाजीवाल्याच्या कमरेतही असेल. तो दिवसभर उकिडवा बसतो आणि त्याला काही होत नाही.)

तर काका. आयएफटी म्हणजे काय हे मला क्लिनिकमध्ये कोणी सांगितलं नाही, काकांनी सांगितलं. एक करंट सेकंदाला चार हजार वेळा हलतो, दुसरा चार हजार शंभर वेळा. दोन्ही एकमेकांना फुली मारून कमरेतून जातात आणि जिथे भेटतात तिथे फरकाचे शंभर ठोके पडतात. "कळलं का चौदा?" तिसऱ्या सिटिंगपासून माझं नाव चौदा पडलं होतं. बाईंना ते 'एस-वन ताई' म्हणत, म्हणजे नात्यातलं काहीतरी. मला नुसताच आकडा.

चौथ्या सिटिंगला, गुरुवार होता, वीज गेली. काका पालथ्या अवस्थेतच फोनवर आले. "अरे, कोण आहे ड्युटीवर? डीपीवर माणूस पाठव. मी कोण? मी पेशंट आहे!" दहा मिनिटांनी वीज आली. काकांनी "बघा" म्हणून ती आम्हा सगळ्यांना बहाल केली. मशीन मात्र शून्यावर गेलं होतं. पुन्हा टुक, टुक, टुक. पुन्हा चौदा. पुन्हा पडद्यापलीकडून तो छोटासा, दयाळू खोकला.

त्या रात्री अपमानाने झोप येईना, म्हणून मोबाइलवर वाचत पडलो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्येच कंबरदुखीसाठी आयएफटी देऊ नका, अल्ट्रासाउंडचे उपचार देऊ नका, ट्रॅक्शन म्हणजे कंबर ताणणं नको, कमरेचे पट्टे देऊ नका असं लिहून ठेवलंय. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड आणि पट्ट्यांना नाही म्हटलं. हो कशाला, तर व्यायामाला. मी ज्यासाठी साडेचार हजार भरले ती जवळजवळ सगळी यादी 'नको'च्या रकान्यात होती. पट्टा तर मी वाचताना बांधूनच होतो.

दुसऱ्या दिवशी काकांना हे ऐकवलं. मला वाटलं, सव्वीस आता खाली येईल.

"इंग्रजांकडेही दोनशे तीसच व्होल्ट," काका म्हणाले. "वीज तीच आहे. कमी आहे ती सहनशक्ती."

मग मुलीला विचारलं. ती जेल पुसत होती. इकडे तिकडे बघून म्हणाली, "सर, खरं औषध व्यायामच. पण मशीन लावली नाही तर पेशंट दुसऱ्या दिवशी येत नाही. म्हणतात, नुसते पाय वर करायला पैसे द्यायचे?"

इथे मला हसू येत नाही. ही मुलगी इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं शिकली आहे. चार कॉट एकटी सांभाळते, चारी मशीन वाजत असतात, आणि एस-वन ताई तिला फोनवर 'मसाजवाली मुलगी' म्हणतात. माझा ब्रिजिंगचा, म्हणजे उताणं पडून कंबर उचलायचा, व्यायाम बरोबर होतोय का हे बघायला तिच्याकडे तीन मिनिटं असतात. त्यातही तिचे कान पलीकडच्या टुकटुकीकडे. हातात मिळतो एक झेरॉक्स कागद, त्यावरची काडीची माणसं इतक्यांदा झेरॉक्स झालेली की एकाला डोकंच उरलेलं नाही. पॅकेज ठरवणारा मालक मला दहा दिवसांत एकदाच दिसला, क्यूआर कोड पुसताना.

बरं, दुर्लक्षाचंही या धंद्यात वजन आहे म्हणे. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये मॅकेन्झी नावाच्या फिजिओने स्मिथ नावाच्या पेशंटला आत जाऊन पालथं पडायला सांगितलं. टेबलाचं डोकं आधीच्या पेशंटसाठी वर केलेलं राहिलं होतं. स्मिथ तसाच, उलटा वाकून पडून राहिला, आणि मॅकेन्झी घाबरून धावत आला तर त्याचं दुखणं हलकं झालं होतं. त्यातून जगभर चालणारी व्यायामपद्धती निघाली. मीही मशीन थांबल्यावर वीस-वीस मिनिटं विसरलेला पडून असतो. माझ्यातून अजून काही निघालेलं नाही.

आज आठवं सिटिंग. भाजीवाल्याचा तो चेहरा डोळ्यांसमोर होता. मुलगी पॅड लावायला वाकली तेव्हा मी भोकातून, चपलेला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणालो, "आज अठरा करा."

"सर, आकड्याने काही होत नाही. सोसेल तेवढाच घ्यायचा असतो."

"करा तुम्ही."

चौदा टुक झाले. पडदा स्तब्ध होता. पंधरा. सोळा. कमरेतल्या मुंग्यांना पंख फुटले. सतरा. अठराला उजवा पाय माझी परवानगी न घेता उडाला आणि कॉटच्या कडेवर आपटला.

"कमी करा," मी म्हणालो, बहुतेक मोठ्याने.

टुक, टुक, टुक, टुक.

पलीकडे कोणीतरी मोजत होतं. "चौदा," काका समाधानाने म्हणाले.