दाजींसाठी पार्सल

आमच्या दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, नाही म्हणायचं नाही हा घरचा नियम आहे. त्यामुळं गेल्या महिन्यात त्यांनी पुण्याहून फोन करून "पाव्हणं, ते तुमचं आकडे अक्षरात लिहायचं काय ते आहे ना, ते आमच्या बिलिंगला पाहिजे, टाका की एनपीएमवर" असं म्हटल्यावर मी "अर्ध्या तासात टाकतो" म्हणून संध्याकाळी पाचला जो बसलो तो रात्री साडेअकराला उठलो.

आधी ते काय आहे ते सांगतो. एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतल्या तयार कोडचं सार्वजनिक कोठार, आपण पॅकेज करून टाकायचं, ज्याला पाहिजे त्यानं उतरवून घ्यायचं. इंग्रजीत वीसपर्यंत आकडे पाठ केले की पुढं जोडाजोडी करून भागतं, आपल्याकडं त्रेपन्न वेगळा, चौऱ्याहत्तर वेगळा, एकोणनव्वद त्याहून वेगळा. जावास्क्रिप्टला मराठी लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, दिलं की ती १२,३४,५६७ असे लाखाचे स्वल्पविराम बरोबर टाकते, अंकसुद्धा देवनागरीत देते, पण अक्षरात लिही म्हटलं की हात वर. म्हणून मी शंभर शब्दांचा तक्ता हातानं भरून एक छोटी लायब्ररी, म्हणजे कुणालाही आपल्या प्रोग्राममध्ये जोडता येईल असा कोड, केली. दोन दिवसांचं काम, त्यातला अर्धा दिवस एकोणसाठ की एकुणसाठ यात गेला.

आता माझं सगळं कोड एकाच रेपोत, म्हणजे कोडच्या एका मोठ्या फोल्डरात, असतं, त्याला मोनोरेपो म्हणतात. नऊ पॅकेजं, एक छप्पर. ह्याला काही लागलं की शेजारच्या फोल्डरमधून घ्यायचं, विचारायचं कुणाला. २०१५ च्या सुमारास गुगलचं जवळजवळ सगळं कोड, दोनशे कोटी ओळी, असंच एका रेपोत होतं, तेव्हा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या माझ्या नऊ फोल्डरांना काय धाड भरलीय असं मला वाटायचं. आणि घरात खरंच काही होत नाही, सगळं झ्याक चालतं. पार्सल करून दाराबाहेर पाठवायचं म्हटलं की मग कळतं कोण कुणाच्या जिवावर उभं आहे.

त्याच दिवशी आईचं पण पार्सल चाललेलं. वर्षाची चटणी डंकावरून कुटून आणलेली, त्यातली तीन किलो ताईला. घरभर लसूण आणि मिरचीचा खकाणा, मी स्क्रीनकडं बघून शिंकतोय.

पहिलाच पब्लिश, म्हणजे पॅकेज एनपीएमवर टाकायची कमांड, मारला आणि एरर आली, ४०२. म्हणजे पैसे भरा. फुकट वाटायला निघालोय तर पैसे कसले? तर मी पॅकेजच्या नावापुढं ॲट लावून आडनाव जोडलं होतं, आणि असं आडनावाचं पॅकेज पहिल्यांदा टाकताना ते खाजगीच धरलं जातं आणि खाजगी ठेवायला पैसे पडतात. ॲक्सेस पब्लिक असं सांगावं लागतं. सांगितलं. मग त्यानं ओटीपी मागितला, जो मोबाइलच्या ॲपमध्ये असतो आणि दर ३० सेकंदांनी बदलतो, आणि मोबाइल आईच्या हातात, ताईला व्हिडिओ कॉलवर चटणीचा रंग दाखवायला. म्हटलं आई, कॉल राहू दे, फक्त ते निळं ॲप उघड आणि आकडा वाच. आईनं वाचला, "अठ्ठेचाळीस, त्रेसष्ट, एकोणचाळीस." मराठी आकड्यांची लायब्ररी लिहिणारा मी, एकोणचाळीस म्हणजे एकोणतीस नव्हे आणि एकोणपन्नास पण नव्हे, तर तीनावर नऊ, एवढं डोक्यात जुळवेपर्यंत कोड बदललेला. तिसऱ्या खेपेला जमलं.

पहिलं व्हर्जन, १.०.०, गेलं. दहा मिनिटांत दाजी.

"पाव्हणं, डबा पोचला, पण रिकामा हाय की."

बघितलं तर पॅकेजमध्ये तीन फाइली. रीडमी, लायसन्स आणि पॅकेज डॉट जेसन. ह्या तिघी काहीही झालं तरी जातातच. बाकी काय पाठवायचं त्या यादीत मी फक्त डिस्ट फोल्डर लिहिलेलं, म्हणजे बिल्ड झालेला, मूळ कोडपासून वापरायला तयार केलेला खरा माल, आणि पब्लिश करायच्या आधी पाच मिनिटं मीच, पाहुण्यांकडं जायचंय तर जरा स्वच्छ असावं म्हणून, क्लीन कमांड मारून ते फोल्डर उडवलेलं. आई आतून म्हणाली, "बांधायच्या आधी झाकण उघडून बघायचं नसतंय व्हय?" असतंय. एनपीएम पॅक ड्राय-रन अशी कमांडच आहे, आत काय काय चाललंय त्याची यादी दाखवते. सात वर्षं ही लाइन करतोय, कधी वापरली नव्हती.

बरं, गुपचूप तोच नंबर दुरुस्त करून टाकावा तर ४०३, म्हणजे मनाई. एकदा टाकलेल्या व्हर्जनवर परत टाकता येत नाही. डिलीट केलं तरी तो नंबर कायमचा जळाला.

१.०.१ मध्ये माल भरला. दाजींकडं इन्स्टॉलच होईना. मोनोरेपोत शेजारच्या पॅकेजचं व्हर्जन लिहीत बसायला नको म्हणून 'वर्कस्पेस स्टार' असं लिहितात, म्हणजे जे घरात आहे ते घे. पीएनपीएमनं, म्हणजे एनपीएमसारख्याच दुसऱ्या टूलनं, पब्लिश केलं तर तो जाताना तिथं खरा नंबर घालतो, मी सवयीनं नुसतं एनपीएम पब्लिश मारलेलं, ते आहे तसंच गेलं. म्हणजे पुण्याच्या माणसाला पत्ता दिला, "शेजारच्या खोलीत बघा."

तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि गंगावेशीत जाऊन एक ग्लास दूध प्यायलो. समोर म्हैस, समोर धार, फेसाचा ग्लास थेट हातात. मध्ये बिल्ड नाही, टॅग नाही, ओटीपी नाही. दुसरा ग्लास पण प्यायलो.

परत आल्यावर ध्यानात आलं की शेजारची खोली म्हणजे 'किरकोळ' नावाचं पॅकेज, ज्यात मी चार वर्षं जे कुठंच बसत नाही ते टाकत आलोय. ते रजिस्ट्रीवर, म्हणजे एनपीएमच्या कोठारात, नव्हतंच. मग ते पण टाकलं, आणि १.०.२.

आता इन्स्टॉल झालं, चालवल्यावर 'मॉड्यूल सापडत नाही'. ही भानगड जरा समजून घेण्यासारखी आहे. एक लायब्ररी मी रेपोच्या मुळाशी कधीतरी टाकलेली, माझ्या पॅकेजला काय काय लागतं त्या यादीत तिचं नाव नाही, पण नोडला, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला, आपल्या फोल्डरात काही नाही सापडलं की तो एकेक पायरी वर जाऊन शोधतो, आणि वर ती असायचीच. आमच्याकडं सहा वर्षं एक पितळी किसणी होती, आम्ही आमचीच समजत होतो. शेजारच्या काकी उचगावला राहायला गेल्या तेव्हा सामानाबरोबर किसणी गेली, आणि संकष्टीला आई खोबरं हातात घेऊन ओट्यापाशी उभी. तसं.

१.०.३. रात्री सव्वादहा. चाललं! दाजींनी स्क्रीनशॉट पाठवला, 'रुपये बारा हजार तीनशे एकोणसाठ फक्त'. मी आईला दाखवलं, आई म्हणाली बरं झालं, आता ह्या डब्याला चिकटपट्टी लाव.

चिकटपट्टी लावत असतानाच परत फोन. दाजींचा आवाज एकदम गोड.

"पाव्हणं, तुमच्या त्या किरकोळमध्ये सोर्स मॅप पण आलाय वाटतं."

सोर्स मॅप म्हणजे बिल्डबरोबर जाणारी फाइल, एरर आली तर मूळ कोडमध्ये कुठं ते कळावं म्हणून. त्यात बऱ्याचदा अख्खा मूळ कोड भरलेला असतो, कमेंटसकट. आणि तारखांच्या फंक्शनवर माझी दोन वर्षांपूर्वीची कमेंट होती, 'हे का चालतंय माहीत नाही. दाजींना विचारू नये, तासभर लेक्चर देतील.'

चटणीच्या हातानं मी अनपब्लिशचे, म्हणजे टाकलेलं परत काढायचे, नियम वाचायला लागलो. मार्च २०१६ मध्ये एकानं लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज रागानं काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड कोसळले, तेव्हापासून हे नियम कडक. ७२ तासांच्या आत काढता येतं, पण रजिस्ट्रीतलं दुसरं कुठलं पॅकेज त्यावर अवलंबून नसेल तरच. अवलंबून कोण, तर माझंच. म्हणजे आधी ते काढा, मग हे काढा, आणि सगळं काढलं तरी दाजींच्या लॅपटॉपवर उतरलेलं कोण काढणार?

"दाजी, ते जुनं आहे हो," म्हटलं.

"असू दे की. ते का चालतंय ते सांगतो ना," म्हणाले, आणि सुरू झाले. टाइमझोन, लीप इयर, यूटीसी, मग त्यांच्या कंपनीतला २०१९ चा एक किस्सा, जो मी त्यांच्या तोंडून चार वेळा ऐकलाय. मी एका हातानं फोन, दुसऱ्या हातानं डबा धरलेला, आई दातानं चिकटपट्टी तोडतेय. फोन ठेवताना त्यांनी घड्याळ बघितलं असणार.

"पाव्हणं, तासभर काय झाला नाही बरं का. एकोणसाठ मिनिटं झाली. तेवढं कमेंटमध्ये दुरुस्त करून नवीन व्हर्जन टाका."