सज्जनपणाला धक्का न लावता

वाचकहो, योग्य आणि अयोग्य यांमधली रेषा ओलांडणे हे गुन्हेगारांचे काम आहे. घोडबंदर रस्त्याला कर्ज काढून फ्लॅट घेतलेल्या, हप्ते वेळेवर भरणाऱ्या आपल्यासारख्या सभ्य माणसांनी ती ओलांडू नये. हलकेच उचलून थोडी पुढे ठेवावी.

सुरुवात घरापासूनच करावी. ताबा मिळाला की मंजूर नकाशात मोकळी दाखवलेली बाल्कनी, मधली भिंत पाडून, दिवाणखान्यात घ्यावी. त्याआधी समोरच्या इमारतीकडे एकवार पाहून घ्यावे, कारण असल्या प्रश्नांचा निकाल बांधकाम नियमावलीत नव्हे, तर समोरच्यांच्या काचेच्या खिडक्यांत लागतो. चार जणांनी बाल्कनी बंद केलेली दिसली की आपलेही काम ‘सगळेच करतात’ या सदरात जमा होते आणि मनाला टोचणी उरत नाही. तरीही पाहणीला कोणी आलेच, तर त्याला लाच मुळीच देऊ नये, चहापाण्याचे पाहावे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा असला, तरी २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाऱ्यालाही ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाइलाजाने द्यावे लागलेल्याने ७ दिवसांत तक्रार केली, तरच त्याची सुटका आहे. हे सात दिवस आपण ‘माणूस भला होता, फार ताणले नाही’ असे शेजाऱ्यांना सांगण्यात घालवावेत.

तीन हात नाक्यावर पोलीस नसेल, तर लाल दिव्याला विनंती समजावे. कामवाल्या मावशींचा एका दिवसाचा खाडा कापताना मात्र तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळे कठोर राहावे.

संताप राखून ठेवावा तो मोठ्या प्रसंगांसाठी. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली आणि बिल्डरांबरोबर महापालिकेचे अधिकारी व पोलीसही अटकेत गेले, तेव्हा आपण सर्वांनी फाशीपेक्षा कमी शिक्षा मान्य केली नव्हती. ती इमारत आणि आपली बाल्कनी यांची नावे कोणी एका दमात घेतली, तर अवश्य रागवावे. अख्खी इमारत कुठे आणि आपली सहा फुटांची जागा कुठे! फरक आहेच (खरोखरच आहे), आणि तो फुटांत मोजता येतो, ही त्यातली फार मोठी सोय आहे.

शेवटच्या मजल्यावरच्यांनी गच्चीवर पत्रे टाकायला घेतले, तर मात्र स्वस्थ बसू नये. सोसायटीची तातडीची सभा बोलवावी, मंजूर नकाशाची प्रत मागवावी, इमारतीच्या सुरक्षिततेवर बोलावे आणि महापालिकेकडे लेखी तक्रार धाडण्याचा ठराव एकमताने करून घ्यावा. फक्त तो अर्ज नेऊन देण्याचे काम सेक्रेटरींवर सोपवून पुढे रेंगाळू द्यावे. कारण गच्चीची पाहणी करायला आलेला माणूस खाली उभा राहून आधी वर बघतो, आणि त्या वाटेत आपला मजला लागतो.